सातव्या चित्राची पाळी

एकदा एक तांब्याच्या भांड्यांचा व्यापारी आपल्या दुकानाचे संकेतस्थळ करून घेण्यासाठी संगणकविद्या शिकवणाऱ्या एका वृद्ध गुरुजींकडे आला. गुरुजींनी ते काम आपल्या शिष्येवर सोपवले. तिचे हे पहिलेच काम. ते पसंत पडले तर पेठेतली बाकीची दुकानेही तिच्याकडे येणार होती.

तिने सात कारागिरांची छायाचित्रे काढली, कारागिरांच्या नावांनी त्या फायलींची यादी जावास्क्रिप्टमध्ये लिहिली आणि दर चार सेकंदांनी चित्र बदलेल अशी योजना केली. सातवे झाले की पुन्हा पहिले. व्यापारी खूश झाला, पण सातव्या चित्राला त्याने नाक मुरडले. ते भांड्यांना आतून कल्हई करणाऱ्या द्वारकाबाईंचे होते. भट्टीच्या भडक्याने त्यांचा एक गाल भाजलेला होता.

"गिऱ्हाईक बिचकतं. एवढं एक काढ," तो म्हणाला.

शिष्येला द्वारकाबाईंचे नाव खोडवेना आणि कामावर पाणीही सोडवेना. तिने यादी तशीच ठेवली. फक्त किती चित्रे फिरवायची तो आकडा साताचा सहा केला. नाव यादीत राहिले, पाळी मात्र कधीच येणार नव्हती. आपल्या हुशारीचे तिला मनातून कौतुकच वाटले.

गुरुजींनी ते पाहिले. त्यांनी आकडा पुन्हा सात केला आणि सातव्या चित्राच्या जागी एक कोरी पांढरी फाईल ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी व्यापारी तणतणत आला.

"सहा माणसं दिसतात आणि मग चार सेकंद नुसतं पांढरं. पान बिघडलंय तुमचं."

"बिघडलेलं नाही, शेठ. ती द्वारकाबाईंची पाळी आहे," गुरुजी म्हणाले. "त्यांच्या कल्हईवाचून या सहा जणांच्या भांड्यांत आमटी कळकेल. त्यांना काढायचंच असेल, तर काढलेलं चारचौघांना दिसू दे. काल ही पोर त्यांना यादीत ठेवून गायब करत होती. उघड अन्यायाशी भांडता तरी येतं. असा गुपचूप केलेला अन्याय ज्याच्यावर होतो, त्यालाही कळत नाही."

शिष्येची मान खाली गेली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि मागोमाग व्यापाऱ्याचा रागही आला.

व्यापारी तिच्याकडे वळला. "यांचं सोड. ती मोकळी जागा भर, नाहीतर पेठेतलं एकही काम तुला मिळायचं नाही."

"भरते," ती म्हणाली, आणि तिने द्वारकाबाईंचे चित्र परत जागेवर ठेवले. मग साताचा आकडाही खोडून टाकला आणि यादीत असतील तितकी चित्रे आपोआप मोजली जातील असे लिहिले. शेवटी कळफलक व्यापाऱ्यापुढे सरकवला.

"आता जितकी नावं, तितक्या पाळ्या. त्यांना काढायचं असेल, तर ही ओळ तुम्ही स्वतः खोडा, शेठ. माझ्या हातून ते होणार नाही."

व्यापाऱ्याने पडद्याकडे पाहिले. द्वारकाबाईंची पाळी आली आणि गेली. त्याने कळफलकाला बोट लावले नाही. चपला घालून तो तसाच निघून गेला.

"काम गेलं, गुरुजी," ती म्हणाली.

"गेलं," गुरुजी म्हणाले. "दुसरं शोधू."

आपण कुणाला वगळतो तेव्हा नाव खोडतो की नुसता आकडा बदलतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.