पश्चिमेची खिडकी

माणसांना पंख्याचा शोध लागायच्या आधीची गोष्ट. सुगरण पक्ष्यांत घरटं नराने विणायचं आणि ते मादीला पसंत पडलं तरच संसार मांडायचा, अशी रीत होती. पिवळोबाने बाभळीवर घरटं विणलं आणि सुगीला पाहायला बोलावलं.

"मुद्दाम पश्चिमेला मोठी खिडकी ठेवलीये. सूर्यास्त बघत राहाल!"

सुगी आत गेली. दुपारचं ऊन तिच्याआधीच येऊन ऐसपैस बसलं होतं.

"अहो, अंडी उबवायची आहेत, भाजायची नाहीत."

"त्यात काय, मी दिवसभर पंखांनी वारा घालीन!"

"आणि दाणे कोण आणणार? सूर्यास्त?"

सुगीने पलीकडच्या फांदीवरचं, पूर्वेकडे सावलीत टांगलेलं भोंडूचं साधंसं घरटं पसंत केलं.

"हल्लीच्या मुलींना कलेची कदरच नाही," पिवळोबा म्हणाला आणि घरात बसवेना म्हणून भोंडूच्याच सावलीत जाऊन बसला.