सोलकढीचा भाव

अलिबागच्या मुकुंदशेठनी आपल्या हॉटेलातली सोलकढी एकशे वीस रुपये केली. कुणी कुरकुरलं की ते गरजायचे, "माझ्याकडचा प्रत्येक पदार्थ किमतीला पुरेपूर उतरतो. उतरत नाही असं पटवून द्या, जेवण फुकट!"

एकदा भिशीच्या मैत्रिणींबरोबर आलेल्या कुंदाताईंनी आपला न उष्टावलेला पेला त्यांच्यापुढे सरकवला. "शेठ, निम्म्या किमतीत देते. घेता विकत?"

"छे! घरी बायको रोज करते, अन् मी साठ रुपये कशाला घालू?" शेठ बोलून गेले आणि सगळ्याजणी खो-खो हसत सुटल्या.

शेठ ओशाळले. हात जोडून म्हणाले, "जिंकलात, ताई. आजचं जेवण फुकट."

"नको, फक्त सोलकढीचे पैसे सोडा," कुंदाताई म्हणाल्या. "तळलेल्या सुरमईचे मात्र पुरते घ्या. इतकी कुरकुरीत सुरमई मला घरी कधीच जमली नाही."