पितळ उघडं पडेल म्हणून निघालेला गजवैद्य

पूर्वी चंपानगरीत दृढसेन राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. त्याला एक खोड होती: उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न सोडत नसे.

त्याच नगरीत भद्रिल नावाचा गजवैद्य होता. राजाचे हत्ती त्याच्या हातून बरे होत आणि दर वेळी तो मनाशी म्हणे, 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.' एकदा राजाच्या हत्तिणीने चारा सोडला, तेव्हा याने इतर वैद्यांचे काढे बंद करवले, तिला नदीत डुंबू दिलं आणि काठावर बसून राहिला. ती खाऊ लागली. राजाने त्याला मुख्य वैद्य केलं, आणि तेव्हापासून बिचाऱ्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

त्या गजशाळेची रीत अशी, की उपचाराआधी वैद्याने हत्तीच्या सोंडेवर हात ठेवून चारचौघांत म्हणायचं, "हा रोग मला कळला आहे." भद्रिल हे वाक्य कसंबसं पुटपुटत असे.

पुढे राजाच्या स्वारीच्या मुख्य हत्तीच्या, म्हणजे पट्टहत्तीच्या, पायात गळू झालं. त्याला पाय टेकवेना. भद्रिलने तात्पुरती पोटीस बांधली खरी, पण मुख्य उपचाराआधीची रीत पाळायला राजाचं बोलावणं आलं आणि त्याचा धीर सुटला. आज आपलं पितळ उघडं पडणार, अशी त्याची खात्री झाली. गाठोडं बांधून तो निघाला.

वेशीपाशी अमात्य भेटला. "वैद्यराज, कुठे निघालात?"

भद्रिलने सगळं सांगून टाकलं. "आर्य, मी कसला वैद्य? करतं नशीब आणि नाव होतं माझं."

बोधिसत्त्वाला नवल वाटलं. "नशीब काम करतं तेव्हा तुम्ही काय करत असता?"

"नुसता बघत असतो."

"काय बघता?"

"कान कसे हलतात, लीद कशी पडते, कुठे हात लावला की अंग चोरतो. ते कोणीही बघेल."

"मी तर कधी बघितलं नाही. असो, तुम्हाला जायचं तर जा. तुम्ही आला नाहीत म्हणून तुमच्या जागी दंतिल वैद्य आले आहेत. त्यांना कसलीच शंका नाही. ते आत्ताच गळूला चीर देणार आहेत."

भद्रिल जागीच थांबला. "आत्ता? अहो, गळू कच्चं आहे. वरून मऊ लागतं, पण खाली दगडासारखं टणक आहे. आज चिरलं तर हत्ती जन्माचा लंगडा होईल."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कोणी? मी हात लावून पाहिलंय."

भद्रिलला आपलेच शब्द ऐकू आले. गाठोडं तिथेच टाकून तो धावत सुटला.

दंतिलने शस्त्र उचललं होतं. भद्रिलने त्याचं मनगट धरलं. राजाने विचारलं, "रोग कळला आहे का तुला?"

"महाराज, निम्मा कळला आहे. उरलेला कळेपर्यंत मी इथून हलणार नाही."

राजाने मागोमाग येऊन पोहोचलेल्या अमात्याकडे पाहिलं. अमात्याने दंतिलच्या हातून शस्त्र काढून घेतलं.

पोटिसांनी गळू पिकलं, मग भद्रिलने चीर दिली. हत्तीने पाय टेकला. भद्रिलची भीती मात्र गेली नाही. पुढच्या हत्तीच्या वेळीही ती होतीच. तरी तो गेला.

आपल्या भिक्षूंना ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा दंतिल आज या संघात नाही. भद्रिल म्हणजे आपल्याला काही येत नाही म्हणून उपदेश करायला बसायचं टाळणारा हा सुयाम. पट्टहत्ती म्हणजे त्याची वाट पाहत बसलेले हे नवे भिक्षू, आणि अमात्य मीच होतो. नसलेलं ज्ञान मिरवणं जसं असत्य, तसंच असलेलं नाकारणंही असत्यच. सुयाम, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ण साधना, आहे. ऊठ, ते खोळंबले आहेत."