सोळा चिंचोके

"चूक सापडत नाही म्हणजे ती नाहीच, असंच ना बुवा?"

नरहरबुवा समोरच्या कागदावर वाकले.

एकेकाळी शाळेत गणित शिकवणारे बुवा आता डोंगरावरच्या मठात राहत. समोर त्यांचा जुना विद्यार्थी यशोधन मोठा कागद पसरून बसला होता. कागदावर सोळा आडव्या रेघा, त्यांना जोडणाऱ्या एकोणसाठ उभ्या दांड्या. सोळा आकडे डावीकडून कसेही शिरोत, प्रत्येक दांडीपाशी दोघांची गाठ पडे. लहान वर जाई, मोठा खाली. कितीतरी गाठी एकाच वेळी पडत, आणि उजवीकडे सगळे क्रमानं बाहेर येत.

"लोकांना साठ दांड्या लागतात. मी एकोणसाठात केलं." दुसऱ्यांची पुस्तकं वाचायची नाहीत, हा यशोधनचा बाणा. "उद्या ही जाळी चिपमध्ये कोरणार. मग बदल नाही."

"सगळ्या मांडण्या तपासल्यास?"

"वीस लाख कोटींच्या वर आहेत, बुवा! माझ्या लॅपटॉपला महिने लागतील. दोन हजार पाहिल्या…" त्याचा आवाज जरा खाली आला.

बुवांनी कोनाड्यातून सारीपाटाचे फोडलेले चिंचोके काढले. एक बाजू काळी, एक पांढरी. सोळा मोजून कागदावर फेकले.

"काळे लहान, पांढरे मोठे. चालव तुझी जाळी."

यशोधनला हसू आवरेना. "माझी जाळी सोळा वेगळे आकडे लावते. हे तर दोनच रंग!"

"बरं. समज, चुकली. सात वर राहिला, सहा खाली." बुवांनी हवेत बोटानं एक रेघ ओढली. "आता सहापर्यंतचे सगळे काळे, सातपासूनचे पांढरे…"

"तर पांढरा काळ्याच्या वर…"

यशोधन थांबला.

दांड्यांना आकडे कुठे दिसतात? त्यांना फक्त लहानमोठं कळतं. जी चूक आकड्यांत आहे, ती रंगांतही दिसणारच. कुठलीही चूक! आणि रंगांच्या मांडण्या… सोळा रेघा, दर रेघेला दोनच रंग; त्यानं बोटांवर दुप्पट करत नेलं. पासष्ट हजार पाचशे छत्तीस. बस्स, एवढ्याच!

त्यानं लॅपटॉप पुढे ओढला.

रंगांच्या सगळ्या मांडण्या त्यानं जाळीतून सोडल्या. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडद्यावर एक मांडणी थांबली. काळ्यांच्या रांगेत एक पांढरा अडकला होता.

जाळी चुकली होती. एकोणसाठाचा तोरा गेला, पण यशोधनला त्याचं वाईटही वाटेना. तो त्या एका पांढऱ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं कागद बाजूला सारून बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"वीस लाख कोटी मांडण्या, बुवा… आणि त्या सगळ्या या दोन रंगांत मावल्या?"

बुवा चिंचोके गोळा करत होते.

"मावायला त्या होत्या कुठे? दर दांडीपाशी दोघं भेटले, एक खाली सरला… एवढंच."