अण्णासाहेब कितव्या पातळीचे?

कॉलनीतला पिकलबॉल, म्हणजे छोट्या कोर्टावरचा टेनिससारखा खेळ, बंद पडायची वेळ आली, कारण कोर्टावर उतरणारा प्रत्येक जण स्वतःला चौथ्या पातळीचा खेळाडू म्हणवत होता. पातळ्या एकूण पाच. पहिली नवशिक्यांची, पाचवी मुरलेल्या खेळाडूंची. कुलकर्णी मास्तरांची सर्व्हिस धडपणे जाळीपलीकडे जात नसे, तरी तेही चौथे. त्यामुळे कुणाच्याही समोर कुणीही यायचा. नवख्यांच्या छातीवर चेंडू आदळायचे, चांगले खेळणारे जांभया द्यायचे, आणि सकाळ भांडणात जायची.

कोर्ट बांधून दिलं होतं सूतगिरणीचे मालक अण्णासाहेब मगदूम यांनी. ते वैतागले. रविवारी प्रत्येकाने आपली खरी पातळी आपल्याच तोंडाने सांगायची, कुणी कुणाला कमी लेखायचं नाही, कुणी रुसायचं नाही, असं त्यांनी फर्मावलं. नाही जमलं तर कोर्टावर गाड्या लागतील.

कोपऱ्यावर पिठाची गिरणी चालवणाऱ्या उज्ज्वला खोतला हे परवडणारं नव्हतं. दिवसभराच्या घरघरीआधीचा हा खेळ म्हणजे तिचा जीव की प्राण. पातळ्या ठरवायचं काम तिने अंगावर घेतलं.

रविवारी तिने दोनच नियम सांगितले. चौथ्या पातळीवाल्याने पहिल्या पातळीचा जोडीदार घ्यायचा, आणि हरल्यास दोष एकट्या त्याचा. पहिल्या पातळीवाल्याने मात्र आधी महिनाभर भिंतीशी सराव करायचा.

 आधी मास्तर खाकरले आणि आपण दुसऱ्या पातळीचे असल्याचं म्हणाले. डॉक्टरीणबाई तिसरीवर आल्या. एकेक जण भराभर उतरला, पण भिंतीच्या धाकाने कुणी फार खालीही जाईना. चौथीत उरली खरोखरच तरबेज असलेली तेजश्री, आणि रोज जिंकणारे अण्णासाहेब.

"माझे चार तर ठरलेलेच," ते म्हणाले.

"मग खेळून दाखवा. पण आधी सगळ्यांसमोर शब्द द्या," उज्ज्वला म्हणाली, "तुम्ही हरलात तरी कोर्ट बंद होणार नाही."

लोक आपापल्या बुटांकडे पाहू लागले. अण्णासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी शब्द दिला आणि बॅट उचलली. मास्तरांना त्यांनी कसंबसं हरवलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यांना कोर्टभर पळवून पार दमवलं आणि सामना सहज खिशात घातला.

अण्णासाहेब धापा टाकत उज्ज्वलासमोर आले. "बोल आता."

"अडीच. मास्तरांच्या वर, डॉक्टरीणबाईंच्या खाली."

"कालपर्यंत चार होतो ना गं मी?"

"कालपर्यंत तुम्हाला पातळीच नव्हती, अण्णासाहेब. काल कोर्टाचा मालक जिंकत होता. खेळाडू आज पहिल्यांदाच उतरला."

 अण्णासाहेब असे हसत सुटले की त्यांना जाळीच्या खांबाचा आधार घ्यावा लागला. हसू आवरल्यावर त्यांनी कोर्टाचा सगळा कारभार तिच्या हाती दिला, शेजारी दुसरं कोर्ट बांधायचं कबूल केलं, आणि त्यावरच्या पहिल्या सामन्यासाठी जोडीदार म्हणून तिलाच मागून घेतलं.