वाळूवरचं खोटं गाणं

फार जुन्या काळची गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हा राजा कोण होता हेही कुणाला आठवत नाही. एका रुंद नदीच्या काठी कवितेची पाठशाळा होती. तिथली रीत न्यारी. नवी कविता सकाळी अंगणातल्या वाळूत बोटाने लिहायची आणि दिवसभर तशीच ठेवायची. येणाऱ्या-जाणाऱ्या शिष्याने खटकलेला शब्द पुसावा, दुसरा सुचवावा. संध्याकाळी कवीने हवं ते ठेवावं, नको ते सोडावं.

तिथे एक शिष्य होता. हुशार खरा, पण महासंशयी! कुणी शब्द पुसला की त्याला वाटे, हा माझ्यावर जळतो. कुणी "वा!" म्हटलं की वाटे, आता हा ओळ ढापणार. बिचाऱ्याला साधं कौतुकही पचत नसे.

एकदा गावाने नवी होडी बांधली. ती पहिल्यांदा नदी ओलांडताना म्हणायचं गाणं गुरूंनी या शिष्याला करायला सांगितलं. ज्याच्या गाण्यावर होडी पैलतीराला लागेल, तो गावाचा कवी ठरणार होता. त्या मानासाठी शिष्याचा जीव टांगणीला लागला.

त्याने झकास गाणं रचलं आणि कुणी ऐकेल म्हणून मनातल्या मनात घोकलं. वाळूत मात्र भलतंच काहीतरी खरडलं.

"घ्या, चोरा आता हे!" तो स्वतःशीच हसला.

शिष्य जमले. कुणी जड शब्द काढला, कुणी लांब ओळ तोडली. त्याचा सोबती म्हणाला, "अरे, वल्हं मारत म्हणून बघितलंस का? इथे दम लागतोय. ही ओळ आखूड कर."

"बघतो," शिष्य म्हणाला. मनात म्हणाला, याचा डाव काय असेल? संध्याकाळपर्यंत वाळूवरचं गाणं चांगलंच सुधारलं होतं. त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तो दिवस उजाडला. सगळी पाठशाळा होडीत बसली. शिष्य आपलं लपवलेलं गाणं गाऊ लागला. शब्द सुरेख होते, पण ओळी लांबलचक. अर्ध्यातच त्याचा श्वास संपे, ताल चुके आणि वल्ही एकमेकांवर आदळत. भर प्रवाहात होडी गरगर फिरू लागली. काठावरची माणसं घाबरून ओरडू लागली.

"अरे, वाळूवरचं म्हण!" सोबती ओरडला.

पण ते त्याला येतच नव्हतं! शेवटी बाकीच्यांनीच ते गायला सुरुवात केली. वल्ही एका तालात पडू लागली आणि होडी सुखरूप पैलतीराला लागली.

"गाणं कुणाचं?" गावच्या पाटलांनी विचारलं.

"याचंच," सगळ्यांनी शिष्याकडे बोट दाखवलं. "आम्ही नुसते शब्द इकडचे तिकडे केले."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना तो चोर समजत होता, तेच गावाच्या कवीचा मान त्याच्या पदरात टाकत होते. तो कसाबसा म्हणाला, "माझं नाही. ते मी तुम्हाला फसवायला लिहिलं होतं."

सोबत्याने मान फिरवली. त्या वर्षी गावाला कवी मिळाला नाही. गाणं मात्र नावाडी रोज म्हणत राहिले आणि शिष्य काठावर बसून ते ऐकत राहिला.

तात्पर्य: संशयाने झाकून ठेवलेली कविता चोरीला जात नाही, पण ती सुधारतही नाही.