गव्हर्नरची दांडी

यंत्रे तोंडाने भांडत त्या काळी, एका बागेतल्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा वेग आपोआप चढू-उतरू लागला. दुपारपर्यंत इंजिन सुधारले नाही, तर भंगारवाला येणार होता.

"दोष या गव्हर्नरचा!" कार्ब्युरेटर ओरडला. "बघा, दांडी सारखी हलवतोय!"

"अरे बाबा, वेग सांभाळायला हलवतो," गव्हर्नर कळवळला. "तुझ्या जेटमध्ये कचरा अडकलाय. पेट्रोल पुरेसं येत नाही, म्हणून वेग पडतो."

"माझ्यात दोष? मी तर जागचा हललोसुद्धा नाही!"

हा खुलासा पाना आणि पक्कड यांच्या चौकशी समितीने ग्राह्य धरला. पान्याने गव्हर्नरची दांडी सोडवली.

वेग आवरायला कोणी न उरल्याने इंजिन किंचाळत चढले, चढतच गेले. पिस्टनचा दांडा इंजिनाचा लोखंडी ब्लॉक फोडून बाहेर आला आणि इंजिन कायमचे थांबले. भोकातून तेल गळू लागले.

"आता निदान," कार्ब्युरेटर चाचरत म्हणाला, "चढउतार तरी नाही."